कपाटाला मुंग्या

हौशीरामतात्यांना साखरेचा आजार जडला आणि पथ्य मात्र सगळ्या घराला लागलं. नारायणगावच्या डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं ते एकट्या तात्यांचं. पण महाळुंग्याला घरी पाऊल टाकताच धोंडाबाईंनी फर्मान काढलं, "ह्यांच्या नजरंला गोड पडलं की ह्यांचा हात थांबत न्हाई. आजपासनं ह्या घरात गोडाचं नाव काढायचं न्हाई कुणी!" साखरेचे, गुळाचे डबे घासून पालथे घातले गेले. दिवाळीला करंज्या झाल्या त्या तिखटमिठाच्या सारणाच्या. चहा बिनसाखरेचा मिळू लागल्यावर तर येणारे पाहुणेसुद्धा उंबऱ्यातूनच कामाचं बोलून परत फिरू लागले.

अशा घरात कपिल मिस्त्री कपाट करायला आला. कळंबच्या फाट्यावर त्यानं दुकान टाकून दोन वर्षं झाली होती. हातात कसब होतं, पण अजून नाव नव्हतं. लोक खिडकीची फळी बसवायला त्याला बोलवायचे आणि मोठं काम निघालं की जुन्या मिस्त्र्यांकडे जायचे. तात्यांच्या स्लॅबच्या घरात मधल्या खोलीची अख्खी भिंत अडवणारं सागवानी कपाट, हे त्याचं पहिलं मोठं काम. शिवाय धोंडाबाईंचे भाऊ धर्माजी, नारायणगावात टोमॅटोचे आडतदार, त्यांनी नवा बंगला बांधला होता. पलंगापासून देव्हाऱ्यापर्यंत त्यांचं सगळं लाकूडकाम व्हायचं होतं. "बहिणीचं कपाट बघतो, पसंत पडलं तर बंगला तुझा," असं ते कपिलला बोलून गेले होते. तेव्हापासून कपिल त्या भिंतीकडे देवळात आल्यासारखा बघायचा.

मापं घेण्याच्या दिवशीच तात्या हळूच खोलीत आले. धोंडाबाई गोठ्यात गेल्याची त्यांनी खिडकीतून खात्री करून घेतली आणि दाराला आतून कडी घातली.

"मिस्तरी, आत एक चोरकप्पा पायजेल."

"करू की तात्या. चांगलं लॉकर बसवतो, कुलपाचं."

"कुलूप कशाला? कुलूप दिसलं की ती किल्ली मागणार. कुणाच्या बापाला कळता कामा नये असा पायजे. जमिनीचं कागद ठेवायचेत."

"काकूंना पण सांगायचं न्हाई?"

"अरं, तिलाच तर सांगायचं न्हाई! ठेव बघू रंध्यावर हात."

कपिलनं रंध्यावर हात ठेवला आणि शब्द दिला. त्याचे वडील भागुजी सांगायचे, लोकांच्या घरात काम करायचं तर डोळं लाकडावर ठेवायचं आन् जीभ खिशात. ते त्यानं पक्कं धरलं होतं. त्यानं कपाटाच्या पाठीला वरच्या अंगाला दुसरी फळी घातली. नेमक्या जागी अंगठा दाबला की 'खट्' करून फळी सरकायची, एरवी ब्रह्मदेवालाही पत्ता लागायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या रानात गेले आणि धोंडाबाई चहा घेऊन आल्या. कपिलनं तो कडू चहा डोळे मिटून घेतला.

"मिस्तरी, तुला म्हणून सांगते. खाली, पायाशी, एक छुपा कप्पा कर. माझं माहेरचं दागिनं हायेत चार. पर ह्यांना कळता कामा नये. आन् सुनंला तर अजाबात न्हाई. घाल रंध्याची आन."

रंध्यावर पुन्हा हात पडला. तळाच्या पट्टीमागे कप्पा बसला.

मग आला भरत, तात्यांचा मुलगा. पिकअपमधून नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो पोचवायचा आणि येताना दोन तास उशिरा यायचा. त्याला गाडीची कागदपत्रं ठेवायची होती. "कागद गाडीत का न्हाई ठेवत?" असं कपिलनं विचारलं, तर भरत म्हणाला, "राव, तू सुतार हायेस का आरटीओ?" त्याच्यासाठी मधल्या खणाची खोली चोरून मागे जागा काढली. शेवटी अक्षदा, भरतची बायको, धुणं वाळत घालायचं निमित्त करून आली. "भाऊ, माहेरचे फोटो ठेवायचेत हो. बघितलं की रडू येतं, आणि रडताना कुणी बघितलं की अजून रडू येतं," असं ती म्हणाली. बहिणीच्या जागी असलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? तिचा कप्पा माथ्याच्या नक्षीमागे गेला.

प्रत्येकानं बोलायच्या आधी दाराला कडी लावली होती, आणि प्रत्येकजण एकच गोष्ट विसरला होता. त्या खोलीत एक खाट होती आणि खाटेवर तात्यांची आई, गोजरबाई, बसलेली होती. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवसभर ती गोधडीवर बसून असायची, त्यामुळे घरातली माणसं तिला उशी-गोधडीतच धरायची. कपिल तेवढा येता-जाता "काय आजी, बरं हाय ना?" असं विचारायचा.

कपाट झालं. पॉलिश असं उतरलं की भरतनं त्यात बघून भांग पाडला. शेजारच्या चिमाबाई बघून गेल्या आणि गावभर सांगून आल्या. मग सगळं घर कपडे लावायला जमलं आणि निम्म्या साड्या ठेवून होतात न होतात तोच जागा संपली.

"आँ?" धोंडाबाई म्हणाल्या, "बाहेरनं वाडा आन् आतनं खुराडं? मिस्तरी, गेली कुठं जागा?"

कपिल फडक्यानं उगाच पॉलिश पुसू लागला. चार कप्प्यांनी मिळून कपाट आतून खाल्लं होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती. पण त्याला काही बोलावंच लागलं नाही. धोंडाबाईंना बोलता बोलता आपला कप्पा आठवला आणि त्या पदरानं घाम पुसू लागल्या. तात्या घाईनं म्हणाले, "सागवानाची फळी जाड असती. जाडीत जाती जागा."

"हां, जाडीतच जाती," भरत म्हणाला.

"पुण्याकडे आता अशीच फॅशन आहे, आत्याबाई," अक्षदानं सासूला सांगितलं. "आतून लहान घेतात."

"आसंल बाई," धोंडाबाई म्हणाल्या, आणि उरलेल्या साड्या मुकाट्यानं ट्रंकेत परत गेल्या. चोराच्या मनात चांदणं! प्रत्येकाला वाटलं, जागा खाल्ली ती आपल्याच कप्प्यानं, तेव्हा वाच्यता नको. कपिलनं हत्यारं पिशवीत भरली आणि सुटलो म्हणून कळंबचा रस्ता धरला.

पण तो सुटला नव्हता. आठवडाभरातच तात्या दुकानात येऊन उभे राहिले. चेहरा पडलेला.

"कपिल, खरं सांग. कप्प्याचं कुणाला बोललास?"

"रंध्याची आन तात्या, कुणाला न्हाई!"

"मंग आतलं कमी कसं व्हतंय?"

"जमिनीचं कागद कमी व्हत्यात?"

तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "कागद न्हाई रे," ते बारीक आवाजात म्हणाले, "पेढं."

तात्या गेले आणि त्याच संध्याकाळी भरतची पिकअप दारात थांबली. त्याच्या गाडीचे कागदही घटत होते आणि ते म्हैसूरपाकाचे होते. बाजाराच्या दिवशी धोंडाबाईंनी फाट्यावर गाठलं. त्यांचे दागिने साखरेचे निघाले. "मला बाई बिनसाखरंचा चहा जात न्हाई," त्या म्हणाल्या. "म्यांच बंदी घातली, आता कुठल्या तोंडानं उठवू? दुपारी सगळी निजली की एक कप करून घेते. पर डबा उतरतोय, आन् एवढी तर मी घेत न्हाई!" अक्षदानं माहेरी जाताना एसटी थांबवून सांगितलं की फोटो म्हणजे आईनं दिलेले बेसनाचे लाडू होते आणि आता त्यांतले दोनच उरलेत.

चौघांचा संशय एकाच माणसावर, कारण चौघांच्या मते कप्प्याची माहिती असलेला जगात तो एकच होता. आणि चौघांपैकी कुणालाही घरात ओरडता येत नव्हतं, कारण चोरीची वाच्यता केली तर आधी आपली चोरी उघडी पडायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यातच धोंडाबाईंनी जाता जाता एक बातमी दिली. "आन् मिस्तरी, कपाटाला मुंग्या लागल्यात. ह्ये म्हंत्यात लाकूड कच्चं हाय. रविवारी दादा यायचाय बघायला. काय ते बघ बाबा."

लाकूड कच्चं! सुताराला याहून वाईट शिवी नाही. एकदा का धर्माजींनी नारायणगावच्या आडतीवर बसून 'कपिल मिस्त्रीच्या कपाटाला मुंग्या लागतात' असं म्हटलं, की खिडकीच्या फळ्यासुद्धा त्याच्याकडे येणार नव्हत्या. कपिलनं आपल्या एम-एटी दुचाकीला किक मारली आणि महाळुंगं गाठलं.

घरात कुणी नव्हतं. कपाटासमोर येऊन पाहतो तर खरोखरच मुंग्यांच्या रांगा लागलेल्या. एक वरच्या नक्षीकडे, एक पाठीकडे, एक खणाकडे, एक पायाशी. पण पाचवी एक रांग होती आणि ती जमिनीवरून निघून थेट खाटेवर चढत होती. कपिलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"आजी," तो खाली बसत म्हणाला, "हात दाखवा बघू."

"कशाला रं?" गोजरबाईंनी हात पदराखाली घेतला.

"मुंग्या बोलवायला आल्यात तुमाला."

म्हातारीनं मान त्याच्या आवाजाकडे वळवली. मग तिचं बोळकं पसरलं. "डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं. तू कप्पं करून खट् खट् बघायचास ना? चार खट् ऐकलं म्यां. कुठनं ऐकू आलं त्येबी ध्यानात ठिवलं. दुपारी सगळी पांगली की कपाट धरून उठायचं, चाचपत जायचं. वरच्या कप्प्याला खालच्या खणावर पाय द्यायचा."

"अवो, पर चोरी ती..."

"कुणाची चोरी? डॉक्टरनं साखर त्याची बंद केली. माझी कुणी केली?" तिचा आवाज एकदम चढला. "ह्या वयात मला कडू च्या! कुणी इचारलं का मला एका शब्दानं, की आई, तुला चालंल का म्हणून? आन् हौश्याचं पेढं मी खाते ती त्याच्याच भल्यासाठी. माझ्या पोटात गेलं ते त्याच्या पोटात जात न्हाई. म्हणून तर त्याची साखर उतरलीया."

"मग काकूंची साखर?"

"ती गोड लागती म्हणून."

कपिलला हसूही येईना आणि रागावताही येईना. म्हातारीबद्दल त्याला खरंच वाईट वाटलं. भरल्या घरात तिचा जीव एका पेढ्यासाठी तळमळत होता. तो उठणार तेवढ्यात तिनं त्याचा हात धरला.

"त्या चौघांना शबुद दिलास ना? मंग मलाबी दे. कुणाला बोलायचं न्हाई."

"आजी, आज रंधा आणला न्हाई मी."

"मग ह्या कपाटावर हात ठेव."

पाचवा शब्द दिला गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी कपिलची गत झाली. आता त्याला चोर ठाऊक होता, माल ठाऊक होता, मुंग्यांचं मूळ ठाऊक होतं आणि यातलं एक अक्षर उच्चारायची सोय नव्हती. त्याला एकच सुचलं. चौघांनाही एकेकटं गाठून त्यानं सांगितलं, की रविवारच्या आत कप्पा रिकामा करा, पुसून कोरडा ठेवा, नाहीतर माझा धंदा बुडेल. चौघांनी मनापासून मान डोलावली. चौघांनी कप्पा रिकामाही केला. पण प्रत्येकाच्या मनात आलं की एखादा पेढा, एखादी वडी, एखादा लाडू, चमचाभर साखर राहिली तर काय एवढं बिघडतंय!

रविवारी धर्माजी आले. पांढरी टोपी, पायात करकरीत कोल्हापुरी. टोमॅटोचं क्रेट बघतात तसं त्यांनी कपाट आधी लांबून बघितलं, मग जवळून, मग बोटानं वाजवून. दार उघडून मिटून पाहिलं. "फिटिंग झ्याक हाय," ते म्हणाले, आणि कपिलचा अडकलेला श्वास मोकळा होतोय तोच त्यांचा हात थांबला. मनगटावर एक मुंगी होती. त्यांनी चष्मा चढवला. पाहतात तो काय, रांगाच रांगा.

"तात्या, ह्ये काय? ह्या तर लाकडातनं येत्यात!"

"म्हणून तर म्हणतोय, लाकूड कच्चं..." तात्या बोलून गेले आणि कपिलशी नजर मिळताच त्यांनी मान खाली घातली.

"वाळलेलं सागवान हाय, शेठ," कपिल म्हणाला. "माझ्या हातानं निवडून आणलंय."

"मग काढ पाठची फळी. आत लाकूड कसलंय ते बघू. चांगलं निघालं तर बंगला तुझा."

हे धर्माजींनी म्हणायचा अवकाश, खोलीत आग लागल्यासारखं झालं.

"फळी न्हाई काढायची!" तात्या ओरडले.

"पॉलिश जाईल मामा!" भरत आडवा झाला.

"दादा, आधी जेवून घे की," धोंडाबाईंनी भावाचा दंड धरला. अक्षदा तर कपाटाला पाठ लावून उभीच राहिली.

धर्माजी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघू लागले. आडतीवर उभा जन्म गेलेला माणूस तो. वरचे टोमॅटो लाल असले तरी ते क्रेट खालून उपसतात. "आसं हाय तर," ते म्हणाले. "मिस्तरीनं फसवलंय आन् तुमी झाकताय. मिस्तरी, काढ फळी. न्हायतर माझ्या दारात पाऊल टाकू नको."

पेचकस कपिलच्या हातातच होता. चार स्क्रू फिरवले की लाकूड खरं ठरणार होतं, बंगला मिळणार होता, आणि तालुक्यात त्याचं नाव होणार होतं. त्यानं तात्यांकडे पाहिलं. तात्यांचे डोळे म्हणत होते, मेलो. त्यानं पेचकस खिशात घातला. तो सरळ म्हणाला, "फळी न्हाई काढणार, शेठ. लाकडात खोट न्हाई एवढंच सांगतो. पटलं तर बघा."

"न्हाई पटलं," धर्माजी म्हणाले आणि टोपी सारखी करून दाराकडे वळले.

"धर्मा, थांब जरा."

सगळे दचकले. बोलली होती ती गोधडी. गोजरबाईंनी आपले दोन्ही हात पदराबाहेर काढून पुढे धरले. बोटांवर मुंग्या फिरत होत्या.

"मुंग्या लाकडाला न्हाईत बाबा, माझ्या हातांला हायेत. मी उठते-बसते ती कपाट धरून. बोटं चिकट असत्यात, तीच लागत्यात कपाटाला. पोराला कशाला बोल लावतोस?"

"पर मावशी, हात चिकट कशानं? ह्या घरात तर गोड नावाला न्हाई."

"देव देतो," म्हातारी शांतपणे म्हणाली. "कधी पेढा देतो, कधी म्हैसूरपाक. कधी बेसनाचा लाडू. कधी नुसती साखर. हात फुडं केला की हातात येतंय."

'साखर' ऐकून तात्यांनी बायकोकडे पाहिलं. 'पेढा' ऐकून बायको तात्यांकडे आधीच बघत होती. भरत आणि अक्षदा एकमेकांकडे बघून एकाच वेळी भिंतीकडे बघायला लागले. विचारायचं प्रत्येकाच्या ओठावर आलं होतं. पण ज्यानं आधी विचारलं त्यालाच आधी सांगावं लागलं असतं. म्हातारी चोरावर मोर निघाली होती आणि तिला जाब विचारायला खोलीत एकही साव उरला नव्हता.

धर्माजींना यातलं काही कळलं नाही. म्हातारपणी माणसं असं बोलायचीच, असं समजून ते हसले. रॉकेलचा बोळा मागवून त्यांनी स्वतः कपाट पुसलं. मुंग्या पांगल्या. फळीवर नख मारून पाहिलं, ते रुतेना. "वाळलेलं हाय खरं," त्यांनी मान्य केलं. "मिस्तरी, उद्या ये मापं घ्यायला. आन् लाकूड असंच आण." कपिलचे डोळे भरून आले. त्यानं जाऊन गोजरबाईंच्या पायाला हात लावला.

जेवणं झाली. धोंडाबाईंनी कुणीही न सांगता त्या दिवशी सगळ्यांना साखरेचा चहा केला, तात्यांचा तेवढा सोडून. साखर कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. कपिल धर्माजींना जीपपर्यंत पोचवायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला जीपच्या आडोशाला ओढलं, मागेपुढे बघितलं आणि कानाशी लागले, "बंगल्याच्या कपाटात एक कप्पा असा कर की आमच्या घरातल्या माणसांना दिसता कामा नये. थोडं कागद ठेवायचेत."

कपिल काही बोलणार, तोच खिडकीतून खणखणीत आवाज आला.

"धर्मा, तुझं कपाट झालं की मला सांगावा धाड बाबा! महिनाभर राहायला येईन म्हंते तुझ्याकडं!"

"या की मावशी!" धर्माजी तोंडभर हसून ओरडले. "कपाटाशेजारीच खाट टाकतो तुमची!"

कपिलनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शब्द दिलेला होता.